रस्त्यावरचा खेळ आणि पडद्यावरचा रस्ता

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये १९६७ पासून १९७६ पर्यंत एका कृतीवर बंदी होती. उंच उडी घेऊन चेंडू वरून थेट बास्केटमध्ये खुपसणे, ज्यास त्या खेळात 'डंक' म्हणतात, ते नियमबाह्य ठरविण्यात आले होते. त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सार्वजनिक मैदानांवर नेमकी हीच कृती पाहण्यासाठी लोक कुंपणांवर, झाडांवर आणि आसपासच्या गच्च्यांवर दाटी करीत. नियमपुस्तकाने जे बाहेर काढले ते रस्त्याने सांभाळले. पुढे पाव शतकाने, २००१ च्या जून महिन्यात, 'एनबीए स्ट्रीट' नावाचा एक व्हिडिओ गेम 'प्लेस्टेशन २' या यंत्रासाठी बाजारात आला. त्यात केवळ चेंडू बास्केटमध्ये गेल्याचे गुण नव्हते. तो कोणत्या डौलाने गेला याचेही गुण होते. एकेकाळी ज्या लकबीस शिक्षा होत असे, तिची आता यंत्र मोजदाद करू लागले. या एका गोष्टीसाठी तरी हा खेळ इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये असे आम्हांस वाटते.

या मालिकेत एकूण चार प्रमुख खेळ निघाले: २००१, २००३, २००५ आणि २००७ या वर्षी. 'ईए स्पोर्ट्स बिग' या नाममुद्रेखाली त्यांतील पहिले तीन प्रसिद्ध झाले. २००७ नंतर मालिका थांबली. म्हणजे आज आपण तिच्याकडे पूर्ण झालेल्या, मिटलेल्या पुस्तकाकडे पाहावे तसे पाहू शकतो. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तिच्याकडे पाहावेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, मौखिक परंपरा नव्या माध्यमात उतरते तेव्हा काय उतरते आणि काय काठावर राहते, हा जो आपला जुना प्रश्न, त्याचेच हे एक अलीकडचे उदाहरण आहे. १८९१ साली हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह छापला. शाहिरांचे शब्द त्यामुळे वाचले. डफाचा ठोका, तुणतुण्याची साथ, झील धरणारे जोडीदार आणि मध्येच दाद देऊन शाहिराचा पुढचा चौक लांबविणारे श्रोते मात्र कागदावर आले नाहीत. योगायोग असा की त्याच १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल हा खेळ तयार केला आणि त्याचे तेरा नियम लिहून काढले. पोवाडा तोंडातून कागदावर गेला. बास्केटबॉल कागदावरून रस्त्यावर आला आणि तेथे मौखिक झाला. पुढे तो रस्त्यावरून पडद्यावर गेला. या शेवटच्या प्रवासाचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा हिशेब आम्ही हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा या गावाच्या बाजूने मांडीत आहोत, हेही आरंभीच सांगितलेले बरे. कळमनुरी तालुक्यातील हे गाव केळीच्या आणि हळदीच्या पट्ट्यातले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात. येथून न्यूयॉर्कचे हार्लेम दूर आहे, आणि मुंबईचे नागपाडाही दूरच आहे. अशा गावातील मुलास रस्त्यावरचे बास्केटबॉल दिसते ते पडद्यावरच. त्यामुळे पडदा काय दाखवितो आणि काय दाखवीत नाही, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा होतो. ज्याने मूळ पाहिलेले आहे तो नकलेतील उणीव मनातल्या मनात भरून काढतो. ज्याच्यापाशी केवळ नक्कलच पोचते त्याला ती उणीव दिसतच नाही.

प्रथम मूळ पाहू. हार्लेममध्ये होल्कम रकर नावाचे गृहस्थ उद्यान विभागात मैदानाची देखरेख करीत असत. १९५० च्या सुमारास त्यांनी मुलांसाठी उन्हाळी स्पर्धा सुरू केली. खेळाबरोबर शिक्षण हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या खटपटीने शेकडो मुलांना महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या मिळाल्या असे सांगतात. १९६५ साली ते वारले; १९७४ मध्ये त्यांच्या स्मृत्यर्थ एका मैदानाचे नाव 'रकर पार्क' ठेवण्यात आले. व्यावसायिक संघांतील नामांकित खेळाडू येथे येत आणि गल्लीतील अनामिकांशी सामना देत. ज्युलियस अर्व्हिंग यांची ख्याती या मैदानावर वाढली. अर्ल मॅनिगॉल्ट हे दुसरे नाव. हे कधीच मोठ्या व्यावसायिक संघात खेळले नाहीत. अमली पदार्थांच्या विळख्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. नंतर त्यातून बाहेर पडून त्यांनी मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी स्पर्धा भरविल्या. बास्केटच्या फळीच्या माथ्यावर ठेवलेले नाणे ते उडी मारून काढीत, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते. खरे किती आणि पदरचे किती हे शोधण्यात अर्थ नाही. दंतकथा जशी वाढते तशीच ती वाढली. पीट अ‍ॅक्स्थेल्म यांनी १९७० मध्ये 'द सिटी गेम' या पुस्तकात हे मौखिक धन प्रथम व्यवस्थित लिहून ठेवले. म्हणजे रस्त्यावरच्या बास्केटबॉलला आपला अ‍ॅक्वर्थ आणि आपला शाळिग्राम व्हिडिओ गेमच्या आधीच भेटला होता.

मराठी मुलखात याच्या जवळचे काही शोधावयाचे तर मुंबईच्या नागपाड्याकडे जावे लागते. मराठी वाचकास हा परिसर नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) मुळे ठाऊक आहे. उर्दू वाचकास तो सआदत हसन मंटो यांच्या कथांमुळे परिचित आहे. त्याच वस्तीचा आणखी एक इतिहास चेंडू आणि बास्केट यांचा आहे. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी येथे 'नागपाडा नेबरहुड हाऊस' ही संस्था उभी केली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ पासून चालविणारे आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक ज्याच्याशी जोडले गेले तेच हे मिशन. १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा, म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, याच उपक्रमाच्या अनुभवातून निघाली. तिचे पहिले संचालक मॅन्शार्टच होते. नेबरहुड हाऊसचे अंगण, मस्तान तलावाजवळचे वायएमसीएचे मैदान आणि बच्चूखान मैदान या थोड्याशा जागेत, दाट वस्तीच्या मधोमध, बास्केटबॉल रुजला. येथूनच अब्बास मुंतसिर भारतीय संघाच्या कर्णधारपदापर्यंत पोचले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

हार्लेम आणि नागपाडा ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक गैरसमज दूर होतो. रस्ता म्हणजे नियमांचा अभाव, संस्थेचा अभाव, स्वैर मुक्ती, असे जे आपण सहज मानतो ते खरे नाही. एका ठिकाणी उद्यान विभागातील कर्मचारी होता, दुसऱ्या ठिकाणी समाजकार्य करणारी संस्था. कोणीतरी जागा राखली, कोणीतरी दिवा लावला, कोणीतरी भांडण सोडविले. तेव्हा रस्ता खेळता राहिला. आणि त्या जागेत खेळणाऱ्यांनी आपले अलिखित नियम केले. त्यांतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम प्रतीक्षेचा: जिंकेल तो मैदानावर राहील, हरेल तो उतरेल, आणि कडेला जो नंबर लावून बसला आहे तो आपला संघ घेऊन आत येईल. मैदान एक, मुले पन्नास. या व्यस्त प्रमाणातून ही घटना जन्मली. हरल्यास पुन्हा तासभर बसावे लागेल या धास्तीमुळेच प्रत्येक गुणाला किंमत येते. पंच नसल्यामुळे चूक झाली की नाही याचा निवाडा वादातून होतो, आणि वाद फार ताणला तर पुढच्या खेपेस आपल्याला कोणी संघात घेणार नाही, ही भीती वाद आवरते.

आता नक्कल. 'एनबीए स्ट्रीट'चे गुण आम्ही आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. तीन विरुद्ध तीन खेळाडू, पंच नाही, जवळून टाकल्यास एक गुण, लांबून टाकल्यास दोन, आणि एकवीस गुणांपर्यंत सामना: ही सारी रस्त्याची घटना त्यात प्रामाणिकपणे उतरली आहे. अधिकृत सामन्याच्या गुणपत्रिकेत जे कधीच नोंदले जात नाही ते येथे नोंदले जाते. प्रतिस्पर्ध्यास चकवून चेंडू त्याच्या पायांमधून काढला, पाठीमागून फिरविला, तर एक मापक भरत जातो. तो पूर्ण भरला की खेळाडूस एक विशेष फेक मिळते. तिने आपले गुण वाढतात आणि प्रतिपक्षाचे घटतात. ही प्रतिपक्षाचे गुण घटविण्याची कल्पना फार मार्मिक आहे. आपल्याकडील कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनी ऐकले असतील त्यांना ती परकी वाटणार नाही. तेथेही उत्तर देणारा नुसता पुढे जात नाही. विचारणाऱ्याची मिरवणूक खाली उतरवितो. रस्त्यावरच्या खेळातील मानहानी हा गुणपत्रिकेत न मावणारा भाग अंकांत बसविण्याचा हा प्रयत्न समजदारीचा आहे.

दुसरा गुण स्मरणाचा. २००३ च्या दुसऱ्या भागात वेगवेगळ्या पिढ्यांचे खेळाडू एकाच मैदानावर येतात. अर्व्हिंग आणि मायकेल जॉर्डन समोरासमोर उभे राहतात. रकर पार्क तेथे आहे. बॉबीटो गार्सिया या न्यूयॉर्कच्या जाणत्याचा आवाज समालोचनास आहे. खेळ सुरू होताना जे गाणे वाजते ते पीट रॉक आणि सीएल स्मूथ यांचे १९९२ चे 'दे रेमिनिस ओव्हर यू'. दिवंगत मित्राच्या आठवणीसाठी केलेले ते शोकगीत आहे. एका उत्साही खेळाच्या उंबरठ्यावर शोकगीत असावे, यात काही औचित्य आहे. कारण रस्त्याचा इतिहास बराचसा गेलेल्यांचा इतिहास असतो.

तिसरा गुण समतेचा. पडदा कोणाची जात विचारीत नाही, मुलगा की मुलगी हे विचारीत नाही. खरा रस्ता हे विचारतो. गावातील मैदाने सर्वांना सारखी खुली होती असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय. न्हाणवयात आलेल्या मुलीस खेळातून घरी बोलावून घेण्याची रीत आणि अमक्या वस्तीतील पोराने तमक्या अंगणात न येण्याचा दंडक, हे दोन्ही रस्त्याच्याच अलिखित कायद्यात होते. यंत्राने ते पुसले. त्याऐवजी किंमत हा एकच अडसर ठेवला. तो लहान नाही, पण वेगळा आहे.

उणिवांकडे वळताना एक नेहमीचा आक्षेप आम्ही बाजूला ठेवतो. या खेळातील करामती कळा दाबून होतात, त्या आधीच ठरलेल्या यादीतून निवडायच्या असतात, म्हणून त्यात निर्मिती नाही, असे म्हटले जाते. परंतु मौखिक कवीही तयार विशेषणे आणि तयार चरण वापरूनच रचना करतो, हे मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांच्या अभ्यासापासून आपणांस माहीत आहे. ठेवणीतील वस्तू वापरणे हा दोष नव्हे. दोष अन्यत्र आहे.

पहिला दोष नावांचा. खेळाच्या नावात रस्ता आहे, पण त्याआधी लीगचे नाव आहे. लीगचे खेळाडू येथे आपल्या खऱ्या नावांनिशी आणि चेहऱ्यांनिशी येतात. कारण त्यांच्या नावांचे हक्क विकत घेता येतात. पहिल्या भागातील रस्त्याचा अधिपती, 'स्ट्रेच', हा मात्र कल्पित पुरुष आहे. मॅनिगॉल्टसारख्यांची हकीकत ज्या जागी असावयास हवी तेथे एक घडविलेला मुखवटा उभा राहतो. लोकसाहित्याच्या संग्रहातही हे घडतेच: संग्राहकाचे नाव मुखपृष्ठावर आणि सांगणारी बाई 'एक वृद्ध स्त्री'.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि आमचे मुख्य म्हणणे त्याविषयीच आहे. या रस्त्यावर कोणीही वाट पाहत नाही. कुंपणापलीकडे गर्दी आहे, ती ओरडते, हात उंचावते; परंतु त्या गर्दीतील एकासही खेळावयाचे नाही. हरलेला संघ उतरत नाही. तो लगेच पुन्हा सामना मांडतो. त्यामुळे हरण्यात फक्त अंक जातात, जागा जात नाही. वाद नाही, कारण निवाडा यंत्राने आधीच केलेला आहे; आणि वाद नसल्यामुळे तो आवरण्याचे शहाणपणही नाही. लकब उतरली, ती लकब ज्या दाटीतून आणि निकडीतून निघाली ती दाटी चित्र होऊन मागे राहिली. पोवाड्याचे शब्द छापले गेले आणि श्रोते 'सभाजन' एवढ्या एका शब्दात उरले, त्यासारखेच हे झाले.

२००४ साली दक्षिण कोरियातील 'फ्रीस्टाइल' या ऑनलाइन खेळाने या उणिवेवर अर्धा उपाय केला. त्यात प्रत्येक माणूस एकच खेळाडू चालवितो, म्हणून उरलेले दोन जिवंत सोबती लागतात. चेंडू सोबत्याला दिला नाही तर तो रागावतो. पुढच्या वेळी तो आपल्याबरोबर येत नाही. परस्परावलंबन परत आले. परंतु अंगावरचे कपडे आणि काही कौशल्ये पैशाने विकत घेता येऊ लागली, आणि रस्त्यावर कमवावयाची पत दुकानात मिळू लागली. आणखी पुढे तीन विरुद्ध तीनचा हा प्रकार आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने नियमबद्ध केला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो प्रथम खेळला गेला. एकवीस गुण राहिले, एक-दोनची मोजणी राहिली. पंच आले, घड्याळ आले, नंबर लावून बसणारे गेले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, प्रतीक्षेचा कायदा एका अनपेक्षित जागी टिकला होता: पडद्याच्या आत नव्हे, पडद्यासमोर. एक यंत्र, दोन रिमोट आणि सहा मुले एका खोलीत असली की खेळाने न शिकविलेला नियम मुले आपणहून लावीत: हरेल त्याने रिमोट सोडायचा. म्हणजे रस्ता त्या खोलीत मुलांनीच आणला होता. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र मोबाइल आला तेव्हा तो तेथूनही गेला. आता कोणालाच वाट पाहावी लागत नाही. आणि म्हणून कोणालाच कोणासाठी उतरावे लागत नाही.

डोंगरकड्यास याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या भागातील मुलांना हा कायदा बास्केटबॉलमधून शिकावयाचा नव्हता. तो त्यांच्या खेळांत होताच. डाव घेणे आणि डाव देणे, राज्य येणे, चकून सुटणे, हे शब्दच एका व्यवस्थेचे आहेत. विटीदांडूतील 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही मोजणी मराठी नाही. तेलुगूतील 'ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू' यांची ती भावंडे आहेत. सीमांचे, राजवटींचे आणि भाषावार राज्यरचनेचे बदल होऊन गेले, तरी पोरांच्या तोंडी दख्खनच्या शेजाराची ही खूण राहिली. आणि या सर्वांत थोर संस्था 'लिंबूटिंबू'ची. लहान भावंड खेळात येते, धावते, ओरडते, पण बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्यास बाहेर न बसविता आत सामावून घेण्याची ही युक्ती कोणत्याही नियमपुस्तकात नाही. व्हिडिओ गेममध्ये 'सोपी पातळी' असते. पण ती दुबळ्यास एकट्याने खेळावयास लावते. लिंबूटिंबू सर्वांत खेळतो. हा फरक बारीक नव्हे.

हुतूतूचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९२० च्या दशकात त्याचे नियम बांधले गेले, कबड्डी हे नाव रूढ झाले, १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत गेला, आणि २०१४ पासून प्रो कबड्डीच्या रूपाने मॅटवर व दूरचित्रवाणीवर आला. खेळ मोठा झाला, खेळाडूंच्या घरात पैसा आला. याचा आनंदच आहे. परंतु गावोगावच्या पोटनियमांचे काय झाले, हे ठामपणे सांगण्याइतकी नोंद कोणी ठेवली नाही. विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या यांचेही उद्या कोणी मोबाइलवरील खेळ करील, आणि ते सुबक होतील. त्यांत विटी हुबेहूब उडेल. आजूबाजूस चिंचेचे झाड, देवळाचा पार आणि टाळ्या वाजविणारी पोरे असतील. त्या पोरांपैकी कोणाचा डाव यावयाचा आहे, कोण रुसून बसला आहे, कोणाला त्या पारावर येऊच दिलेले नाही, हे त्यात असेल का?

ते असावे अशी इच्छा असेल तर काम आजच करावयास हवे, आणि ते आपल्या वर्गांतून होऊ शकते. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी गावी जातात, ओव्या आणि उखाणे उतरवून आणतात. त्यांनी एकदा खेळही उतरवून आणावेत: चाली आणि शब्द तर आणावेतच, परंतु नंबर कसा लागे, भांडण कोण मिटवी, लिंबूटिंबू किती वर्षांपर्यंत राहता येई, मुलींचा खेळ कोणत्या वयात थांबे, कोणत्या आळीची पोरे वेगळी खेळत, हेही सांगणाऱ्याच्या किंवा सांगणारीच्या संमतीने, तिच्या नावासह लिहून आणावे. ज्यांनी ते खेळ खेळले त्यांपैकी पुष्कळजण अजून पारावर बसलेले आहेत.